वीतभर शेंदूर

नऊ इंच कमी पडतात, असं ओव्हरसियर उद्धवराव म्हणाले आणि दुर्बिणीवरचा डोळा काढून त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. सावळारामला वाटलं, वैशाखाच्या उन्हानं साहेबाचं डोकं फिरलं असावं. करंजवाडीत जोतं बांधावं तर सावळाराम गवंड्यानं, आणि त्यात चूक काढावी तर तीही त्यानंच; दुसऱ्या कुणाचं तिथं काम नव्हतं. वीस वर्षं तो लोकांची घरं बांधत आला होता. आता पिंपरीला कारखान्याच्या इमारती उठत होत्या, तिथं आठवड्याचे सहा दिवस तो भिंती चढवी आणि सातव्या दिवशी गावी येऊन स्वतःचं घर बांधी. बोटभर चूक झाली तर थापी खाली ठेवावी, अशा शिस्तीतला तो माणूस. त्याला हा बार्शीकडचा पोरगेला ओव्हरसियर वीतभर चूक दाखवत होता.

"पुन्यांदा बघा, सायेब," तो म्हणाला.

उद्धवरावांनी पुन्हा बघितलं. माणूस वाईट नव्हता. तीन पायांची ती दुर्बीण त्यांनी हलवून दुसरीकडे लावली, शिपायाला पट्टी घेऊन वेशीपाशी पाठवलं, वहीत आकडे मांडले, खोडले, परत मांडले. नऊ इंचांचे साडेआठही झाले नाहीत.

आता हे नऊ इंच कुठून आले ते कळायला गेल्या श्रावणात जावं लागतं. पंचावन्न सालच्या त्या श्रावणात इंद्रायणी करंजवाडीच्या खालच्या आळीत शिरली आणि दीड दिवस राहिली. मातीच्या भिंतींची घरं, ती काय टिकणार? सतरा घरं बसली, त्यात सावळारामचं एक. तो स्वतः त्या दिवशी पिंपरीला होता. मधे नदी, वर पाऊस, रस्ता बंद. दोन दिवस तो तळवड्यापर्यंत यायचा आणि पाणी बघून परत फिरायचा. तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर गावात पोचला तर त्याची बायको भागूबाई देवळाच्या धर्मशाळेत बसलेली. ती वेशीवर चढली म्हणून वाचली, असं त्याला लोकांनी सांगितलं. तिला त्यानं विचारलं, बरी हायेस न्हवं? ती म्हणाली, हाय. मग तो चिखलात आपली हत्यारं शोधायला गेला.

पूर ओसरला आणि मागोमाग सरकार आलं. वरच्या टेपाडावर सतरा घरांना नव्या जागा मिळाल्या आणि छपराला पत्रेही मिळायचे ठरले. फक्त एक अट होती. पाणी जिथवर चढलं होतं त्या खुणेपासून दोन फूट वर घराचं जोतं यायला हवं. जोत्याचा दाखला नसेल तर पत्रे नाहीत, आणि त्याखाली घर बांधलंच तर ते पाडण्यात येईल, अशी दवंडी झाली. तेव्हा सावळारामला हा नियम मनापासून पटला होता, हे इथं सांगून ठेवलं पाहिजे. नदीकाठी जमिनीसरशी घर बांधणारे आपले वाडवडील किती बिनडोक होते, यावर त्यानं पारावर भाषणही दिलं होतं.

खूण ठरवायलाही उद्धवरावच आले होते. गावाची वेस कधीच पडली होती, पण तिचे दोन दगडी खांब उभे होते आणि उजव्या खांबाच्या बुडाशी एक ओटा होता. त्या खांबावर गाळाची रेघ अजून ओली होती. सावळारामनंच ती दाखवली. उद्धवरावांनी तांबड्या रंगाचा डबा आणवून तिथं दोन बोटं रुंदीचा आडवा पट्टा ओढला. पट्टा दोन बोटं जाड, मग मोजायचं कुठून, असा प्रश्न पुढं कुणी काढू नये म्हणून त्यांनी कागदावर नीट लिहून टाकलं: वेशीच्या उजव्या खांबावरील तांबड्या खुणेचा वरचा काठ. साहेब फार बारकाईचा आहे, असं सावळाराम तेव्हा कौतुकानं म्हणाला होता. त्या बारकाईनं पुढं त्याच्या नाकी नऊ आणले.

पौषात त्यानं वेशीपासून टेपाडापर्यंत सूत आणि पाणसळ लावून पातळी ओढत आणली. नव्या जागेवर चार फूट जोतं येत होतं. लोक म्हणाले, सावळाराम, हत्ती बांधायचाय का दारात? त्यानं कुणाला भीक घातली नाही. चार फुटांवर शिवाय एक बोट जास्तीचं, देवाच्या नावानं, असं जोतं त्यानं घडीव दगडात बांधून काढलं. त्यावर भिंती चढवल्या, सागवानी चौकट बसवली, जमीन धोपटून घेतली. बाकीच्या सोळा घरांची अजून पायापासून रड होती आणि सावळारामच्या घराला फक्त छप्पर नव्हतं.

आणि छपराची घाई होती. त्याची एकुलती लेक कौसा दिघीला दिलेली, तिला सातवा सरला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माहेर म्हणजे सध्या धर्मशाळेचा एक कोपरा, आडोशाला गोणपाट. दिघीच्या विहीणबाईंनी निरोप धाडला होता की डोक्यावर छप्पर दिसल्याशिवाय लेकीला पाठवणार नाही, मग बाळंतपण इकडंच होईल, आम्हांला काही जड नाही. त्या 'जड नाही'मुळं भागूबाईनं दोन दिवस नीट भाकर खाल्ली नव्हती. पत्रे चिंचवडच्या स्टेशनावर गोदामात येऊन पडले होते आणि महिनाअखेर वाटप बंद होणार होतं. अठरा दिवस उरले होते.

म्हणून सावळाराम हट्टानं साहेबाला वेशीपाशी घेऊन गेला. आपलं काम चुकलेलं नाही, तेव्हा खूणच हलली असली पाहिजे, आणि दगडी खांबावरची खूण हलेल कशी, हे त्याला दोन डोळ्यांनी बघायचं होतं. खांबापुढं उभा राहिल्यावर त्याला सगळं एका नजरेत कळलं आणि त्यानं कपाळावर हात मारला.

खांबावर तांबडा पट्टा नव्हताच. तिथं शेंदूर होता. तेलात खललेला, थरावर थर दिलेला, वीतभर उंचीचा शेंदूर, त्यावर चांदीचे दोन डोळे, वर झेंडूची माळ आणि ओट्यावर नारळाच्या करवंट्या.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. दर रविवारी तो गारा कालवत असताना भागूबाई वाटीत शेंदूर घेऊन वेशीकडे जाताना त्याला दिसायची. पाणी जिथं थांबलं तिथं देव आहे, असं तिनंच प्रथम म्हटलं आणि पट्ट्याला कुंकू लावलं. मग शेजारच्या छबूबाईनं फूल वाहिलं. छबूबाई म्हणजे खालच्या आळीतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिनं फूल वाहिलं म्हटल्यावर आळीतल्या बायका काय मागं राहतात? संक्रांतीपर्यंत त्याचा पुराचा म्हसोबा झाला. होळीला छबूबाईनं डोळे बसवले. बायकांना दुसरे उद्योग नाहीत, एवढं म्हणून सावळारामनं ते सोडून दिलं होतं. आपल्या घरातली बाई दर रविवारी शेंदराची वाटी घेऊन जाते आणि आपलं जोतं दर रविवारी तेवढं खाली जातं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यानं साहेबाला समजावलं. शेंदराचा हा खालचा काठ आहे ना, तीच जुनी खूण. शेंदूर तिच्यावर चढत गेलाय, मधला सांधा बघा; मी दगडातला माणूस, मला सांधा ओळखू येतो. खालून मोजा, एक बोट जास्तच निघेल.

उद्धवराव म्हणाले, "मला ठाऊक आहे, सावळाराम. पट्टा मीच ओढलाय. पण कागदावर वरचा काठ आहे."

"मंग कागदावर ल्ह्या की, वरचा शेंदूर हाय म्हणून."

त्यावर उद्धवरावांनी खिन्न चेहरा केला. तसं लिहिलं, तर सरकारी खुणेवर शेंदूर चढेपर्यंत तुम्ही काय करत होता, असं कचेरी विचारेल. खूण बदलायची म्हणजे नवा प्रस्ताव, त्याला वरची मंजुरी. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? आणि न लिहिता दाखला दिला तर उद्या तपासणीला येणाऱ्याला उद्धवरावांची आठवण दिसणार नाही, तांबडी खूण दिसेल, आणि नव्या घरावर पहार पडेल. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर शेंदूर खरवडून मूळचा पट्टा उघडा करायचा, नाहीतर घरातली जमीन वीतभर उचलायची. पुढच्या बुधवारी ते परत येणार होते.

जमीन वीतभर उचलायची, हे बोलायला सोपं. बसवलेली चौकट तेवढी बुडणार, म्हणजे पाहुणा दारात वाकून यायचा आणि जाताना डोकं फोडून घ्यायचा. ते नको असेल तर चौकटीवरची भिंत उतरवा, चौकट उपटा, वीतभर वर बसवा, परत भिंत चढवा. आपल्या हातचं बरोबर काम आपल्याच हातानं मोडायचं, आणि तेही चूक नसताना! सावळारामची तळपायाची आग मस्तकाला गेली. शेंदूर खरवडायचा, बस्स. उन्हाळ्यात शेंदराच्या खपल्या आपोआप निघतात, त्यात काय एवढं?

सरपंच मारुतरावांकडे तो गेला तेव्हा ते आंघोळ करत होते आणि पुढचा पाऊण तास आंघोळच करत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले की कायद्यानं बघितलं तर तू म्हणतोस ते बरोबर आहे. पण देवाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे गावाचा सवाल. उद्या कुणाचं जनावर मेलं तरी लोक माझ्या दारात येतील. छबूबाईला विचार, ती हो म्हणाली तर माझी ना नाही.

छबूबाई म्हणाली, माझं काय जातंय, देवालाच विचार, कौल लाव. मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवाच्या उजव्या अंगाला लावायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सावळारामनं मुकाट्यानं कळ्या आणल्या. आळी जमली. छबूबाईनं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि सगळे बघत बसले.

त्या दिवशी रविवार होता आणि शेंदूर सकाळीच चढलेला. ताज्या तेलात त्या कळ्या अशा काही चिकटल्या की दुपार झाली तरी दोन्हीपैकी एकही हलेना. सावळाराम ओट्यासमोर उन्हात बसून राहिला. दिवस कलला, गुरं घरी आली, एका म्हशीनं जाता जाता खांबाला अंगही घासलं. कळ्या जागच्या जागी. शेवटी छबूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली की देव इचार करतोय, पुढल्या रविवारी बघू. म्हसोबानंही कचेरीची रीत उचलली, असं सावळाराम मोठ्यानं बोलला, आणि आळीतल्या अर्ध्या बायकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी दुसऱ्या दिवशी दिघीहून गाडी आली. व्याही बाळाजी स्वतः आले होते, छप्पर बघायला. बिनछपराच्या घरात उभं राहून त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, मग चार फुटी जोत्याकडे बघितलं आणि म्हणाले, जोतं ब्येस हाय.  जाताना मात्र भागूबाईला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, कौसाचा निरोप होता: आईला म्हणावं, भिताडाचा आडोसा आसला तरी चालंल, पर मला तितंच यायचंय.

व्याह्यांची गाडी गेल्यावर सावळारामनं तोंड सोडलं. धर्मशाळेच्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या अलीकडे, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं. लेकीच्या वाटेत काटे कुणी पसरले? साहेबानं नाहीत, नदीनं नाहीत, तर घरच्या बाईनं, स्वतःच्या हातानं, वाटी घेऊन. बाकीच्या बाया मागून आल्या, पहिलं कुंकू कुणाचं? बरं, लावायचं तर लाव बोटभर. एवढा वीतभर कशाला, एखादी भिंत सारवल्यासारखा? भागूबाई तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली. एरवी ती एकाला दोन सुनावणारी बाई. आज ती नुसते खडे वेचत होती, त्यामुळं त्याला आणखीच चेव चढला. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून त्यानं पिशवीतून छिन्नी काढली आणि जाहीर केलं की उद्या उजाडलं की खरवडणार. कौल गेला खड्ड्यात. मारुतराव, छबूबाई, म्हसोबा, कुणाला काय करायचं ते करू दे.

"बरं," भागूबाई म्हणाली. तेवढंच.

सकाळी तो उठला तेव्हा ती कोपऱ्यात नव्हती. पाण्याला गेली असेल म्हणून तो छिन्नी आणि हातोडी घेऊन निघाला. मंगळवारचं कोवळं ऊन वेशीवर पडलं होतं. भागूबाई ओट्यावर उभी होती, खांबाला पाठ लावून.

आता ही आडवी पडणार, हातापाया पडणार, आळी गोळा करणार, असं त्याला वाटलं. त्यानं आधीच सांगून टाकलं की बाजूला हो, तमाशा नको. ती बाजूला झाली नाही, ओरडलीही नाही. दोन्ही हात मागं नेऊन तिनं खांबाचे कोपरे धरले, जसं कुणी आधाराला धरावं, आणि डोकं मागं टेकवलं.

"बगा," ती म्हणाली.

त्याला कळेना काय बघायचं. मग सवयीनं त्याच्या डोळ्यांनी मोजलं. वीस वर्षं ओळंबा बघितलेले डोळे ते, मोजायचं नाही म्हटलं तरी मोजतात. तिची पावलं ओट्यावर सपाट टेकलेली. शेंदराचा खालचा काठ, म्हणजे जुनी खूण, तिच्या हनुवटीला लागून होता. वरचा काठ तिच्या डोक्याच्या टाळूशी. मधे तिचं तोंड होतं.

"हितं आलं व्हतं पानी," भागूबाईनं हनुवटीखाली बोट धरलं. "सांजंला पायाला व्हतं. मंग कमरंला. मंग हितं. तोंड वर केलं तवा श्वास घ्यायला आला. सकाळपत्तूर मी आशीच हुबी व्हते. कुनी हाक मारली तर ओ द्यायला तोंड उघडायचं भ्या वाटायचं."

सावळाराम छिन्नी हातात घेऊन उभा होता. वेशीवर चढली म्हणून वाचली, असं लोक म्हणाले होते. वेशीवर चढणं म्हणजे त्याला वाटलं होतं, वर कुठंतरी कोरड्यात बसली असेल चार बायकांत. गेले नऊ महिने त्यानं हजारदा हा खांब बघितला, त्याच्यापासून पातळी ओढली, पट्ट्याची उंची ओट्यापासून किती ती त्याला इंचात पाठ होती. बायकोची उंची किती, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ती कुठं उभी होती, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

"एवढीच ऱ्हायली व्हते मी," ती म्हणाली आणि हनुवटीपासून टाळूपर्यंत तिनं हाताची वीत लावून दाखवली. "एवढी त्यानं राखली. म्हून एवढाच लावते. त्येच्या वर बोटभर बी लावला न्हाई कंदी, आन् कुनाला लावू दिला न्हाई."

"सांगितलं का न्हाईस?" त्यानं विचारलं.

ती ओट्यावरून उतरली. "तुमी हत्यारं हुडकत व्हता," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, जे होतं ते तिनं सांगितलं. मग ती म्हणाली की आता खरवडायचा तर खरवडा, कौसा यायला पायजे, माझं काही म्हणणं नाही. आणि पाण्याचा हंडा उचलून नदीकडे गेली. तिच्या पदराला आणि मागच्या केसांना शेंदूर लागला होता.

सावळाराम बराच वेळ तिथंच होता. छबूबाई दारातून डोकावून बघत होती, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. एकदा तो ओट्यावर चढला आणि खांबाला पाठ लावून उभा राहिला. खालचा काठ त्याच्या छातीपाशी आला. त्याला स्वतःचा इतका राग आला की गेल्या पंधरवड्यात साहेबाचा, सरपंचाचा आणि देवाचा मिळून आला नव्हता. तो उतरला आणि टेपाडावर गेला.

सोमवार तर बुडालाच होता; त्या दिवशीही तो पिंपरीच्या कामावर गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चौकटीवरची भिंत त्यानं स्वतः उतरवली, एक एक दगड हातानं खाली घेतला. चौकट उपटून वीत आणि एक बोट वर बसवली. मुरूम वाहून आणला आणि आत पसरून धोपटला, पाणी मारून परत धोपटला. आळीतले दोघे-तिघे गडी काही न विचारता हाताखाली आले. भागूबाई मुरमाच्या पाट्या वाहत होती. तिनं एकदा विचारलं, खरवडनार व्हता न्हवं? तो म्हणाला, पाटी टाक हितं. मग थोड्या वेळानं तो म्हणाला की कोपऱ्यात जरा जास्ती टाक, बाजेची जागा तिथं, बाळंतिणीला ओल नको.

बुधवारी दुपारी उद्धवराव आले तेव्हा शेवटचा हात फिरत होता. त्यांनी दुर्बीण लावली, शिपायाला वेशीपाशी पाठवलं, आकडे मांडले. खुणेच्या वरच्या काठापासून दोन फूट आणि एक बोट जास्त भरलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. तुम्ही छिन्नी घेऊन निघाला होता असं मी तळवड्यात ऐकलं, ते म्हणाले, आणि मीही कालच कचेरीत शब्द टाकून आलोय, खालच्या काठाचं काही जमतं का ते बघायला. एवढं काम मोडायची गरज नव्हती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"कागद बदलू नगा, सायेब," सावळाराम म्हणाला. "खूण बराबर हाय. पानी कुटवर आलं त्ये म्या मोजलं व्हतं. मानूस कुटवर ऱ्हायलं, त्ये मोजायचं ऱ्हायलं व्हतं."

उद्धवरावांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी घराच्या दारात बसून दाखला लिहिला, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.

पत्रे शनिवारी चिंचवडहून बैलगाडीनं आले आणि रविवारी चढले. शेवटचा पत्रा ठोकताना सावळारामला वरून वेस दिसत होती. भागूबाई वाटी घेऊन ओट्यावर उभी होती आणि छबूबाई तिला वरच्या अंगाला आणखी थोडा लाव म्हणून सांगत असावी, कारण तिचा हात वर दिसत होता. सावळारामनं पत्र्यावरून हाक दिली की म्हातारे, एक बोट वर गेलीस तर परत चौकट उपटावी लागंल, आन् या खेपंला ती तुज्या हातानं उपटून घीन. मग त्यानं हातोडी ठेवली, खाली उतरला, हात धुतले आणि वेशीकडे चालू लागला.

भागूबाईनं त्याला येताना बघितलं आणि वाटी पदराआड घेतली. तो ओट्यापाशी येऊन थांबला, हात पुढं केला आणि म्हणाला, "आन हिकडं. तू हुबी ऱ्हा तशी. मापात लावतो."